कोलाड-तारकर्ली-कामशेत : राफ्टिंग झालं, स्कुबात कानाला दडा बसला, आता पुढे?

फिरस्ता_सांगलीकर :

नमस्कार मंडळी. आठ वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. प्रश्न खरं तर एवढासाच आहे पण तो विचारायचा तर आधी सगळी ट्रिप सांगावी लागेल, म्हणून लांबण लावतोय. घाई असेल त्यांनी सरळ शेवटचा पॅरा वाचा.

तर आम्ही चौघं. मी, मंद्या, पक्या आणि वैशू. सांगलीला एका बॅचला होतो, आता सगळे चाळिशीच्या उंबऱ्यावर, गुडघे कुरकुरायला लागलेत, आणि पक्याच्या डोक्यात आलं की चाळिशीच्या आत काहीतरी अचाट करून घ्यायचं. आधी ऋषिकेश ठरलं, मग पॅराग्लायडिंगसाठी हिमाचलातलं बीर ठरलं, मग कुणाच्याच सुट्ट्या जुळेनात, शेवटी पाच दिवसात बसेल असं म्हणून डिसेंबरात कोलाडला राफ्टिंग, तारकर्लीला स्कुबा आणि परत येऊन कामशेतला पॅराग्लायडिंग असा बेत केला. नियम एकच, माणशी एक सॅक, ट्रॉली बॅग आणणारा डिकीत बसणार. गाडी मंद्याची, बारा वर्षांची व्हॅगनार, तिचा एसी फक्त घाट उतरताना चालतो.

पहाटे साडेचारला पुण्यातून निघालो. पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून विळ्याला उजवीकडे वळलं की सुतारवाडीवरून कोलाड. तिथे सकाळीच पोचावं लागतं, कारण ती नदी आपल्या सोयीने वाहत नाही. भिऱ्याला वीज तयार करून झाली की खालून पाणी सोडतात, तेवढा वेळ कुंडलिका भरलेली असते, त्या पाण्यावर राफ्ट सुटतात, नंतर तीच नदी गोट्यांची. आम्ही फोनवर ज्याच्याकडे बुकिंग केलं होतं (नाव घेत नाही) त्याच्याकडे हेल्मेट घातलं तर हनुवटीखालचं बक्कल तुटलेलं आणि पट्टा चक्क सुतळीने बांधलेला. वैशूने दुसरं मागितलं, दुसऱ्याची सुतळी नवी होती एवढाच फरक. तो म्हणे मॅडम काय होत नाय, रोज शंभर लोक जातात. वैशू एक अक्षर न बोलता सॅक उचलून गाडीकडे चालायला लागली, ॲडव्हान्स गेला, पक्याने रस्ताभर तिच्या नावाने बोटं मोडली. पुढे अर्ध्या किलोमीटरवर दुसरे मिळाले. तिथल्या पोराने प्रत्येकाचं लाईफ जॅकेट घातल्यावर खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर उचलून बघितलं, जॅकेट कानापर्यंत सरकलं की परत आवळायला लावायचा. मंद्याचं पोट आत घेऊन घेऊन तीनदा आवळलं.

गाईड नेपाळचा होता, हिंदीत सूचना, मधेच मराठी शिव्या, एकदम चोख. वल्ह्याच्या टोकाला इंग्रजी टी सारखी मूठ असते, तिच्यावरचा तळहात काही झालं तरी सोडायचा नाही, नाहीतर ती मूठ शेजाऱ्याच्या दातावर बसते. पाय पुढच्या फुगीर आडव्या पट्ट्याखाली अडकवायचे. आणि पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही, कितीही उथळ दिसलं तरी, उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, कारण उभं राहिलं आणि पाय दगडात अडकला की मागचं पाणी माणसाला आडवं करतं. हे सगळं चालू असताना पक्या सेल्फी काढत होता. आणि तिसऱ्या का चौथ्या रॅपिडला पहिला तोच पडला. पडला तो पडला आणि उभं राहायला बघायला लागला!! गाईड घसा फोडून ओरडतोय "लेट जा, लेट जा", आणि हा बहाद्दर पाण्यात उभं राहायची खटपट करतोय. वैशूने त्याच खांद्याच्या पट्ट्यांना धरून त्याला पोत्यासारखा आत ओढला. पाचेक मिनिटं तो काहीच बोलला नाही, आमच्या पंधरा-वीस वर्षांच्या ओळखीत इतका वेळ गप्प बसलेला मी त्याला पहिल्यांदा बघितला.

राफ्टिंग झक्कास झालं एवढं सांगून पुढे जातो, कारण माझी भानगड पुढे आहे. ओल्या अंगाने, एसी नाही म्हणून खिडक्या उघड्या टाकून, माणगाव महाड चिपळूण करत हायवेने गेलो (हायवेबद्दल लिहायला वेगळा धागा लागेल, असो) आणि रात्री संगमेश्वरच्या आसपास मला पहिली शिंक आली. दुसऱ्या दिवशी कसालवरून मालवणला पोचेपर्यंत नाक चोंदलेलं. वैशूने विचारलं, सर्दी आहे का रे? म्हणलं छे, धूळ आहे हायवेची.

डाईव्हच्या आधी फॉर्म भरून घेतात. दमा, बीपी, फिट्स, हल्लीचं ऑपरेशन, सर्दी, कानाचा त्रास. मी सगळीकडे नाही लिहिलं. आता का लिहिलं विचाराल तर पैसे भरलेले होते आणि पक्या शेजारीच उभा होता.

बोट सिंधुदुर्गाच्या तटाजवळ नांगरून ठेवतात. शिडीला धरून गळ्यापर्यंत पाण्यात उतरायचं, मास्क लावला की नाक बंद, रेग्युलेटर (सिलिंडरची हवा ज्यातून येते तो) दाताने धरायचा आणि फक्त तोंडाने श्वास. पहिली दोन मिनिटं शरीर ऐकतच नाही, तोंड म्हणतं घे, छाती म्हणते नको. मग बसतं. इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडरला धरून असतो, पोहता येत नसलं तरी चालतं. खाली जाताना दर थोड्या वेळाने मास्कवरून नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं म्हणजे कान मोकळे होतात. मी फुंकलं. उजवा कान फट्कन सुटला, डावा ढिम्म. दोनेक मीटर गेलो असेन, डाव्या कानात कुणीतरी विणायची सुई सावकाश दाबतंय असं व्हायला लागलं. खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे दिसत होते, अगदी हात लांब केला असता तर, आणि मला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. हात हलवून कानाकडे बोट केलं. इन्स्ट्रक्टरने थोडं वर घेतलं, परत फुंकायला लावलं, परत खाली, परत सुई. तिसऱ्या वेळी मी अंगठा वर केला, संपलं. एकूण चार मिनिटं.

अंगठ्यावरून आठवलं, मंद्यानेही अंगठा वर केला होता. त्याला म्हणायचं होतं मस्त चाललंय. स्कुबात अंगठा वर म्हणजे मला वर न्या, छान असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल. सांगितलेलं असूनसुद्धा सवयीने गेला अंगठा वर आणि तो एकदम मजेत असताना इन्स्ट्रक्टरने त्याला वर आणून सोडला. बोटीवर माझ्या शेजारी येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याला परत नेला, मी काही परत गेलो नाही. पाऊण तास बोटवाल्या काकांबरोबर शेंगदाणे खात तट बघत बसलो. पक्या वर आल्यावर म्हणाला, महाराजांनी समुद्रात किल्ला उभा केला, तुला दहा फूट उतरवेना. सगळे हसले, मी पण हसलो.

रात्री वडे-कोंबडी आणि सोलकढी झाल्यावर बेसिनवर नाक शिंकरलं तर रुमालावर रक्त. कोणाला दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी फोंडा घाट चढताना कान दोन-तीनदा टप्प झाला आणि परत बसला, दाजीपूरच्या जंगलात सगळे गवा दिसतो का बघत होते आणि मी जांभया देत होतो.

कामशेतचं थोडक्यात, गेलोच नाही वर. सकाळी सातला टॉवर हिलवर हजर, पायलट लोक वाऱ्याच्या पिशवीकडे बघत बसलेले, ती पिशवी कधी इकडे कधी तिकडे. अकरापर्यंत बसलो, वडापाव खाल्ले, मग पायलट म्हणाला आज नाही. पैसे परत दिले. पक्या त्याला एका शब्दाने बोलला नाही.

आता प्रश्न. आजही डावा कान भरल्यासारखा वाटतो, सोळा दिवस झाले. फेब्रुवारीत हे लोक परत तारकर्लीला जायचं म्हणतायत, खास माझ्यासाठी. जावं का? की माझा कानच असा आहे? आणि कुणी आधी ओळखू शकतं का कान सुटेल की नाही ते?

गुळांबा :

मस्त लिहिलंय!! सुतळीचं हेल्मेट वाचून हसून हसून पुरेवाट आणि मग लगेच काटा आला अंगावर. फोटो कुठेत?

जुनाखोड :

हौसेला मोल नाही. आमच्या वेळी पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे आणि मामा विहिरीत ढकलायचा. ना फॉर्म ना हेल्मेट. पैसे देऊन घाबरून घ्यायचं हे खूळ आत्ताचं.

सह्यवारा :

काका, पांगाऱ्याचं लाकूड हेच तुमचं लाईफ जॅकेट होतं की. आणि मामा काठावर उभा असायचा, तोही उत्तम पोहणारा. सेफ्टी होती, पावती नव्हती इतकंच.

जुनाखोड :

हे बाकी खरं. मामा धोतर खोचून तयारच असायचा.

नाककानघसा :

मी ह्याच धंद्यातली आहे (आयडीवरून कळलं असेल). तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण सोळा दिवस कान भरलेला असेल तर फेब्रुवारी वगैरे राहू दे, ह्याच आठवड्यात कुणाला तरी कान दाखवा. चक्कर येतेय, कानात शिटी वाजतेय किंवा ऐकू कमी येतंय असं असेल तर आजच जा, त्यात थांबायचं नसतं.

काय झालं असावं ते सांगते. नाकाच्या मागून मधल्या कानात एक नळी जाते, एरवी मिटलेली असते, गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. पाण्यात खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, तेवढीच हवा आत गेली पाहिजे, नाही गेली तर पडदा आत ओढला जातो, तीच तुमची सुई. सर्दीत त्या नळीचं तोंड सुजलेलं असतं. आणि लोकांना वाटतं खोल गेल्यावर त्रास होतो, तसं नाहीये. दहा मीटरला दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो पण हवेच्या आकारमानात सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो, म्हणून नवशिक्यांचे कान दोन मीटरलाच अडतात. दुखायला लागल्यावर फुंकायचं नसतं, दुखायच्या आधीपासून, अगदी पाण्यात डोकं जायच्या आधी एकदा आणि मग दर अर्ध्या मीटरला. एकदा नळी दाबाने मिटली की जोर लावून उपयोग नाही, उलट जास्त जोराने फुंकलं तर आतल्या कानाला इजा होते. तुम्ही वर आलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. सर्दी लपवलीत ते मात्र कान पिरगाळण्यासारखं, पण तो कान आधीच दुखतोय म्हणून सोडते.

रुमालावरचं रक्त बहुधा सायनसचं असेल, तेही तिथल्या डॉक्टरांना सांगा.

आणि कुणी सुचवायच्या आधीच सांगते, नाकाचे ड्रॉप मारून डाईव्ह करू नका. खाली असताना औषधाचा असर उतरला की वर येताना हवा अडकते, ते जाताना अडकण्यापेक्षा वाईट, कारण वर तर यावंच लागतं.

गुळांबा :

बापरे. शेवटचं वाक्य.

फिरस्ता_सांगलीकर :

धन्यवाद डॉक्टर. चक्कर नाही, शिटी नाही. फोन कानाला लावताना मात्र आपोआप उजवीकडे जातो हल्ली, हे तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं. उद्याची अपॉइंटमेंट घेतली.

टोपणनाव_नाही :

अवांतर : कोलाडच्या पाण्याबद्दल लिहिलंत म्हणून. तुम्ही ज्या पाण्यावर राफ्टिंग केलंत ते खरं कोकणातलं नाहीच. मुळशी धरण मुळा नदीवर आहे, ते पाणी पूर्वेला जायचं, भीमेला, तिथून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला. टाटांनी ते अडवून सह्याद्रीच्या पश्चिमेला सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला टाकलं, १९२७ पासून तिथे वीज होते, मुंबईसाठी. म्हणजे मुंबईत दिवे लागतात म्हणून कुंडलिका सकाळी वाहते आणि म्हणून पक्या पाण्यात पडतो. ताम्हिणीकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला जो तलाव दिसतो त्याच्याखाली मावळातली गावं आहेत. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला तो त्याच गावांच्या जमिनींसाठी. आम्ही लहानपणी एसटीने जायचो तेव्हा आजोबा तिथे आलं की गप्पा थांबवायचे.

फिरस्ता_सांगलीकर :

हे माहीतच नव्हतं. पहाटे तिथून गेलो तेव्हा धुकं होतं आणि आम्ही आतल्या आत भांडत होतो की चहा पौडला घ्यायचा की पुढे.

क्षिप्रा_७९ :

माझा मुलगा वीस वर्षांचा, मित्रांबरोबर जानेवारीत अशीच बाईकवरून ट्रिप काढतोय, यादीत पॅराग्लायडिंग, धबधब्यात रॅपलिंग आणि काय काय. नको म्हणलं तर ऐकणार नाही हे माहीत आहे. त्याला नेमकं काय विचारायला सांगू तिथल्या लोकांना? प्लीज कुणीतरी सोप्या भाषेत सांगा.

सह्यवारा :

मी बारा-तेरा वर्षं ग्रुप नेतोय, सांधण दरी, कोकणकडा वगैरे. ताई, आधी ह्या महिन्याचं बोलू, जानेवारीत धबधबे बहुतेक आटलेले असतात, तेव्हा "वॉटरफॉल रॅपलिंग" विकणारा कोरड्या कड्यावरून उतरवतोय की काय विचारा. ते वाईट नाही पण सांगून उतरवावं.

मुलाला सांगा, महाराष्ट्रात २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, अशा धंद्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी दाखवा असं विचारल्यावर समोरचा चिडला तर तिथेच उत्तर मिळालं. रॅपलिंगला मेन दोरीशिवाय दुसरी सेफ्टी दोरी आहे का बघायचं, ती वेगळ्या अँकरला बांधलेली पाहिजे. लांब केस आणि ओढणी डिसेंडरमध्ये (दोरी ज्यातून सरकते त्या कडीत) अडकते, मी स्वतः एका मुलीचे केस कात्रीने कापून तिला सोडवलंय, तिची आई आजही माझ्याशी बोलत नाही. पॅराग्लायडिंगला टेकऑफच्या वेळी पळायचं आणि पळत राहायचं, जमीन सुटली असं वाटलं की लोक बसायला जातात आणि ढुंगणावर आपटतात. पायलट बसा म्हणेपर्यंत पाय चालूच.

आणि वारा ठीक नाही म्हणून परत पाठवणारा पायलट भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवायचा. धागाकर्त्यांना भेटला तसा.

अजून एक, जे लोक बोलत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच ॲक्सिडेंट पॉलिसीत असले खेळ वगळलेले असतात. बारीक अक्षरात वाचा. वेगळं कव्हर मिळतं, मागावं लागतं.

आक्काबाई_ऑकलंड :

पॉलिसीवरून आठवलं. आमच्याकडे न्यूझीलंडला ह्याच्या अगदी उलटं. इथे अपघात झाला की उपचाराचा खर्च सरकारी योजनेतून, पर्यटकालासुद्धा, चूक कुणाची हे न बघता, पण मग नुकसानभरपाईसाठी कोर्टात खेचता येत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मित्रांबरोबर कॅम्परव्हॅन घेऊन साऊथ आयलंड केलं, तेव्हा क्वीन्सटाऊनजवळ कावाराऊच्या पुलावर बंजी. ४३ मीटर, १९८८ पासून तिथे हा धंदा चालू आहे. काट्यावर उभं करून वजन घेतात आणि ते पेनाने हाताच्या पंजावर मोठ्ठं लिहितात, दोरी त्यावरून ठरते. मी आयुष्यभर जे वजन चुलत जावेलासुद्धा सांगितलं नाही ते हातावर घेऊन अर्धा तास लायनीत उभी होते. उडी त्यामानाने काहीच नाही.

गुळांबा :

खिक्क! आक्का, किती होतं ते सांगा ना.

आक्काबाई_ऑकलंड :

पेन धुतलं गेलं.

दर्याकिनारी :

मालवणातून लिवतंय. पयल्यांदा सांगतंय, कान सुटाक नाय ह्या काय नवल नाय, मोसमात रोज एकतरी पावणो असो येता. लाज वाटान घेव नकात.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरला समुद्र निवळायला लागतो आणि मे अखेरीस सगळं बंद, पावसात दर्या कसा असतो ते किनाऱ्यावरून बघा फक्त. डिसेंबर-जानेवारीचे शनिवार-रविवार टाळा, नाताळात तर येऊच नका, गर्दीत एकेकाला दहा मिनिटंसुद्धा मिळत नाहीत आणि इन्स्ट्रक्टरलाही घाई असते, कान सुटेपर्यंत थांबायला वेळ कुणाकडे. मधल्या वारी, सकाळच्या पहिल्या बोटीने जा. पाणी गढूळ असेल तर विचारल्यावर खरं सांगणारे आहेत, फक्त विचारणारे कमी.

आणि एक हात जोडून विनंती, पाण्याखाली माशांना पाव टाकतात, फोटोत मासे जवळ यावेत म्हणून, ते मागू नका. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाव हे काय माशाचं खाणं आहे होय? आमच्यातलेच काही करतात, पावण्याला व्हिडिओ पाहिजे म्हणून. पावणा नको म्हणाला तर कोण कशाला पाव विकत आणेल.

टोपणनाव_नाही :

एक शंका. स्कुबा केल्यावर विमानात बसू नये म्हणतात, मग लगेच घाट चढलेला चालतो का? तारकर्लीहून घरी जायचं तर आंबोली नाहीतर फोंडा नाहीतर गगनबावडा आलाच.

दर्याकिनारी :

चांगला प्रश्न. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन अंगात मुरतो, वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडू द्यायचा असतो, लगेच उंचावर गेलं तर बुडबुडे धरायची भीती. विमानासाठी ठरलेलं आहे, एकच साधी डाईव्ह असेल तर निदान १२ तास, बऱ्याच डाईव्ह केल्या असतील तर १८. हौशी लोकांची पाच-सहा मीटरवरची पंधरा मिनिटं म्हणजे त्यामानाने किरकोळ, धागाकर्ते तर दोनच मीटर गेले. पण कोर्स करणारी मुलं दिवसात दोन-तीन डाईव्ह करतात, त्यांना आम्ही सांगतो, रात्र इथेच काढा, मासे खा, सकाळी घाट चढा. चिपी नाहीतर मोपाहून त्याच दिवशीचं विमान काढून येतात त्यांना तर पाण्यात घेऊच नये.

जुनाखोड :

सगळं झालं, वडे-कोंबडी कुठे खाल्ली ते सांगितलंच नाही.

फिरस्ता_सांगलीकर :

काका, एका घरगुती खानावळीत, पाटी पण नव्हती, देवबागच्या रस्त्याला. वडे गरम होते तोवर मोजले, नंतर मोजणं सोडलं.

क्षिप्रा_७९ :

सह्यवारा, सगळं मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला आई हे तू कुठून शिकलीस. पॉलिसीचं तो स्वतः बघतोय म्हणाला. केस कापलेल्या मुलीचं ऐकून हसला, पण मैत्रिणीला फोन करून सांगितलं बरं का!

फिरस्ता_सांगलीकर :

अपडेट. डॉक्टरांना दाखवलं. पडदा शाबूत आहे, मधल्या कानात पाणी साठलंय, गोळ्या दिल्यात, नाक जोरात शिंकरायचं नाही, तीन आठवड्यांनी कानाचा दाब मोजायची टेस्ट आणि ऐकण्याची टेस्ट. ती नॉर्मल आली आणि त्या दिवशी सर्दी नसली तर फेब्रुवारी अखेरीस बघू म्हणाले. माझा कान मुळात ठीक आहे, नाकातला पडदा जरा वाकडा आहे म्हणे डावीकडे, तो निम्म्या जगाचा असतो म्हणाले.

ग्रुपवर हे सगळं टाकलं, सर्दी लपवल्याचं पण. वैशूने फक्त "धूळ???" एवढंच लिहिलं, ते तीन प्रश्नचिन्ह मला कानापेक्षा जास्त लागले. मंद्याने लिहिलं की फेब्रुवारीत जाताना एसीचं काम करून घेतो. पक्या दोन दिवस गप्प.

मग काल मंद्याच्या घरी जमलो होतो. स्कुबावाल्यांनी प्रत्येकाचा पाण्याखालचा व्हिडिओ पाठवलाय, तो मंद्याच्या बायकोने टीव्हीला जोडला. मंद्याच्या व्हिडिओत अंगठा, मग वर जाणारे पाय, सगळे लोळले. वैशू तर माशासारखीच, तिचा काही प्रश्न नाही. मग पक्याचा लागला. आठ मिनिटांचा व्हिडिओ. मासे त्याच्या मास्कसमोरून येतायत जातायत, इन्स्ट्रक्टर त्याचा हात धरून गोल करून दाखवतोय, पक्या पण गोल करतोय, सगळं रीतसर. मंद्याची आठ वर्षांची पोरगी एकदम म्हणाली, बाबा, काकाने डोळे मिटलेत. मंद्याने मागे घेऊन परत लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आठच्या आठ मिनिटं, डोळे गच्च मिटलेले.

गुळांबा :

अरे देवा. मग पक्या काय म्हणाला?

फिरस्ता_सांगलीकर :

म्हणाला, मास्कमध्ये पाणी गेलं होतं. मग थोड्या वेळाने मला गॅलरीत बोलावून विचारलं, कोलाडला पडल्यापासून तोंडावर पाणी आलं की होतं असं, अंघोळीला पण, तुझ्या त्या डॉक्टरांकडे ह्याला काही असतं का.

नाककानघसा :

माझ्याकडे नाही, पण असतं. त्यांना म्हणावं फेब्रुवारीत आधी नुसतं कंबरभर पाण्यात मास्क लावून उभं राहा, चेहरा बुडवायचा, बाहेर काढायचा, इन्स्ट्रक्टरला आधी सांगून. बऱ्याच जणांना जमतं.

दर्याकिनारी :

तारीख कळवा. पहिली बोट, मधला वार. आणि पावण्यांचो गाडयेचो एसी दुरुस्त झालो काय तां आदी सांगा.